भस्माच्या तीन रेघा

अण्णा, तुझा शेवटचा फोटो काढला नाही, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुला आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, भिंतीला टेकवून बसवलं होतं. गळ्यात लिंग, मांडीवर बेलाची पानं. आपल्यात लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात आणि बसवलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवतात. सेलूतल्या आपल्या सगळ्या घरांत भिंतीवर लागलेले असले फोटो तूच काढलेले. मग तुझाच का नाही, असं आलेला प्रत्येक जण विचारत होता. जंगमस्वामींनीसुद्धा विचारलं. मी म्हणलं, काढणाराच गेलाय, आता कोण काढणार? शेजारच्या फ्रेमवाल्या करीमचाचांना राहवलं नाही. ते म्हणाले, तू कॅमेऱ्यात काच भर, रबरी बल्ब मी दाबतो. मी उठले, काच भरली, काळ्या कापडाखाली डोकं घातलं. तू उलटा दिसलास, डोकं खाली आणि मांडी वर. आणि मग पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. काच धुवायची, वाळवायची, खिडकीशी धरायची, आणि पेन्सिलीनं तुझे डोळे उघडायचे. किंवा उघडायचे नाहीत. ते ठरवणं माझ्यानं झालं नाही. मी कापड काढलं, घडी घातली आणि लोकांना म्हणलं, उचला.

आज अकरा दिवस झाले. आज बाजार होता आणि बाजाराच्या गर्दीतून दगडूची आई आली, तिसऱ्यांदा. आपला पोरगा जिवंत आहे की नाही, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते उत्तर आपल्याकडं एका काचेवर होतं, आणि तरी दोनदा मी तिला दारातून परत पाठवलं होतं. आज नाही पाठवलं. ते तुला सांगायला बसलेय. पण क्रमानं सांगते, मधे बोलू नकोस. मधे बोलायची तुझी खोड आता तरी सुटली असेल.

मी नवरा वारून माहेरी आले तेव्हा तू म्हणालास, रडायचं तर रड गंगे, पण हात रिकामा ठेवू नको. हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल दिलीस आणि खिडकीशी बसवलंस. खाली आरसा, वर काच, मधून उजेड. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. काचेवर काळी रेघ ओढली की कागदावर पांढरी उमटते, एवढं डोक्यात बसायला मला महिना लागला. तू एकदाही चिडला नाहीस. चिडायला लागलास ते मला काम यायला लागल्यावर.

कारण मी लोकांना हवं ते द्यायची आणि तुला दिसलेलं तेवढंच द्यायचं होतं. सोनपेठच्या एका पोरीच्या गालावरचे देवीचे व्रण मी टिंब टिंब भरून असे घालवले, की पाहायला आलेले पाहुणे फोटो आणि पोरगी आळीपाळीनं बघत राहिले आणि चहा न घेता उठले. पोरीचा बाप दुकानात येऊन तुझ्यावर ओरडला. तू त्याला शांतपणे सांगितलंस, माझ्या काचेत तुमची पोरगी आहे तशीच होती, वरचं काम बहिणीचं. मला लय राग आला होता. तू खरं बोलत होतास म्हणून जास्तच आला.

आणि ती जिनिंगमधली बाई आठवते का? दुपारच्या सुट्टीत दारात बसलेली, कशावर तरी हसत होती आणि हसता हसता तिला खोकला आला, तेवढ्यात तू तो फोटो घेतलास. हसू आणि दम लागणं एकाच चेहऱ्यावर. तिच्या केसांत सरकी काढलेल्या कापसाचे पुंजके होते. काचेवर ते काळे ठिपके दिसले, मला वाटलं धूळ बसलीय. मी पात्यानं एकेक खरवडून काढला. दिवसभर बसून. तुला वाटलं असेल मी मुद्दाम केलं. दोन दिवस जेवला नाहीस तू. तिसऱ्या दिवशी म्हणालास, तिच्या डोक्यातला कापूस काढलास, आता ती कोण आहे ते कुणाला कळणार? मी म्हणलं, बाईच आहे की, दुसरं कोण असणार. तू पाट सरकवून उठून गेलास. ते भांडण तिथंच राहिलं.

तुझं असलं सगळं एका लाकडी पेटीत होतं. पेटीवर तूच खडूनं लिहिलं होतंस, बिनकामाचे. गोदेच्या काठावर पोराच्या राखेजवळ नुसता बसलेला म्हातारा. जिंतूरच्या रस्त्यावर बैल पडल्यावर त्याच्या तोंडावर पदरानं वारा घालणारी पोरगी. ते कुणी मागत नव्हतं, कुणाला दाखवायचे नव्हते, आणि सायकलवर कॅमेरा बांधून तू पुन्हा तेच आणायला जायचास. रडकी तोंडं जमवतो म्हणून गाव हसायचं. मीही हसायची, आज कबूल करते.

एक गोष्ट मात्र मी तुझ्या तोंडावर मारायची. तू लोकांना ताठ बसवायचास, हलू नका म्हणायचास, मग झाकण लावल्यासारखं करून म्हणायचास, "झाला." माणसं श्वास सोडायची. खांदे उतरायचे, तोंडावरचं आवरलेलं सगळं सुटायचं. आणि तेव्हा तू बल्ब दाबायचास. मी म्हणायची, मला खोटारडी म्हणतोस, तुझा तर धंदाच एका थापेवर चाललाय. तू झाला म्हणतोस तेव्हा झालेला नसतोच. तू नुसता हसायचास.

डोळे उघडण्यावरून आपलं सगळ्यात जास्त वाजलं. बसवलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात आणि घरच्यांना फोटोत ते उघडे हवे असतात. मिटल्या पापणीवर काचेवर पेन्सिलीनं पांढरं भरायचं, मग कागदावर ब्रशाच्या टोकानं बाहुल्या टेकवायच्या. माझा हात त्यात इतका बसला होता की परभणीहूनही काचा यायच्या. तू म्हणायचास, मेलेल्याला मेलेलं राहू दे, त्याच्या घरच्यांना त्याच्याकडं नीट बघू दे. मी म्हणायची, आईला लेकराचे डोळे हवेत तर तुझं काय जातं? तू काच पाकिटात घालून द्यायचास, वर दोन शब्द लिहून. बसलेला. डोळे.

यंदाच्या उन्हाळ्याच्या शेवटी तसंच एक पाकीट दिलंस. तू तीन दिवस बाहेर होतास, पिशवीतून सहा काचा आणल्या होत्यास, त्यातली ही एक. हद्दीपलीकडं हिंदुस्थानात स्वातंत्र्याचा झेंडा लागून वर्ष होत आलं होतं आणि इकडं निजामी हुकूमत जास्तच पिसाळली होती. रोज कुठलं तरी गाव जळाल्याची बातमी यायची. अशात तू गावोगाव फिरतोस म्हणून मी आधीच कावले होते. पाकीट देताना तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं, मी बोलेन म्हणून बघत नाहीस.

काचेवर पंचविशीचा एक माणूस होता. पांढऱ्या भिंतीला टेकून मांडी घालून बसवलेला, गळ्यापर्यंत घोंगडी. वरचा ओठ सुजलेला होता. मी मनाशी म्हणलं, पान लागलं असेल बिचाऱ्याला, उन्हाळ्यात साप फार निघतात. सूज मी पेन्सिलीनं उतरवली. डोळे उघडले. आणि मग कपाळ बघितलं तर कोरं. मला चुटपुट लागली. बसवलेला माणूस आणि भस्म नाही, असं कसं होईल? आपल्यातला माणूस भस्माशिवाय मातीत जात नाही. घामानं पुसलं असेल किंवा चुन्याच्या उजेडात विरलं असेल, असं वाटलं. त्याच्या आईला फोटो बघून वाईट वाटेल म्हणून मी माझ्या मनानं काचेवर तीन काळ्या रेघा ओढल्या. कागदावर तीन पांढऱ्या उमटल्या. लय छान उमटल्या होत्या, अण्णा. मी खूश होते.

तू तो फोटो भिंग लावून बघितलास. माझी एक रेघ केसाएवढी हलली तरी तुला दिसायची आणि तू दिवसभर ऐकवायचास. त्या दिवशी कितीतरी वेळ बघत राहिलास. मी विचारलं, काही राहिलं का? भिंग खाली ठेवून तू म्हणालास, "झाला."

तुझा झाला म्हणजे काय असतो ते सगळ्या जगात मलाच ठाऊक. आणि मलाच तेव्हा कळलं नाही.

तो माणूस आपल्यातला नव्हता. त्याचं नाव दगडू, जिंतूरकडच्या एका खेड्यातला शेतकरी. घरात घडी घातलेला तिरंगा सापडला म्हणून त्याला ठाण्यात नेलं आणि ठाण्यातच तो मेला. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही, तिथल्या फौजदाराचं, अमीनसाबाचं, नावही लिहीत नाही, हा कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मेलेला माणूस हिशेबात कसा दाखवायचा, म्हणून अमीनसाबानं त्याला भिंतीशी बसवलं आणि तुला बोलावून घेतलं. जिवंत दिसला पाहिजे, असा हुकूम होता. मग दगडूच्या आईला बोलावून तो फोटो दाखवला. बघ म्हणाला, धडधाकट सोडला तेव्हाची ही तस्वीर, तो हद्दीपलीकडं पळालाय, त्याला हाजिर कर, नाहीतर शेत जप्त.

तिला वाचता येत नाही. पण तिनं कपाळ वाचलं. सगळ्यांसमोर तिनं विचारलं, साहेब, आमी भस्म लावणारी माणसं न्हाई, माझ्या लेकराच्या कपाळाला हे कुणी लावलं? अमीनसाबानं तिला हाकलून दिलं. पण ठाण्याच्या अंगणात कामासाठी आलेली दहा गावची माणसं उभी होती, त्यांनी ऐकलं. दोन बाजार झाले आणि चहूकडं एकच बोलणं झालं, की ठाण्यातल्या फोटोतला माणूस खोटा आहे. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी ठाण्यातले शिपाई तुला न्यायला आले.

चार दिवसांनी तू रेल्वे स्टेशनावरून चालत आलास. टोपी नव्हती. उजवा हात दुसऱ्याचा असल्यासारखा पोटाशी धरला होतास. पाणी मागितलं नाहीस, आधी विचारलंस, ती काच कुठाय? मी म्हणलं, पेटीत. तू म्हणालास, "पुसू नको गंगे. मी सांगेन तेव्हा पूस." आणि मग सगळं सांगितलंस.

मी हातातली पेन्सिल तुझ्या अंगावर फेकली होती. आठवतं ना? मी म्हणलं, मारून टाकलेल्या माणसाचे डोळे माझ्या हातानं उघडलेस आणि मला सांगितलंही नाहीस. तू म्हणालास, सांगितलं असतं तर रेघ ओढताना तुझा हात कापला असता. मी म्हणलं, कापू द्यायचा होता! आणि ते भस्म? भिंगातून तुला भस्म दिसलं नाही? तुझ्यासारख्या माणसाला?

तू भिंतीकडं तोंड करून झोपलास.

त्यानंतर तू पाच आठवडे जगलास. खोकल्यातून रक्त यायचं. मी तुला काढा दिला, पेज दिली, पाठ शेकली. आणि बोलले नाही. कामापुरतं बोलले, उठ, घे, कूस बदल. माझ्या हातून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस, हा राग माझ्या पोटात बसला होता आणि तो राग तुझ्या दुखण्यापेक्षा मोठा वाटायचा. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पाच आठवडे म्हणजे किती बोलता आलं असतं. तूही बोलला नाहीस म्हणा. पण तुझा दम जात होता, माझा नव्हता.

तू आजारी असतानाच ती पहिल्यांदा आली. फोटोवाला कुठाय म्हणाली. मी दारातूनच सांगितलं, आम्हाला काही माहीत नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा तुला जाऊन पाच दिवस झाले होते. तेव्हाही मी तेच सांगितलं. भीती होतीच. तू गेल्यापासून अमीनसाबाचा शिपाई दोनदा येऊन गेला होता, मूळ काच दे म्हणून. पहिल्या वेळी मी आज या, उद्या या केलं. दुसऱ्या वेळी म्हणलं, फुटली, आणि तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले. ते तुझ्या जिनिंगवालीचे तुकडे होते, अण्णा. तुझ्या बिनकामाच्या पेटीतली तीच एक काच मी आधीच बिघडवलेली होती, म्हणून तीच फोडली. शिपायाला काळ्याचं पांढरं वाचता येत नाही, हे माझं नशीब. तुकडे रुमालात बांधून घेऊन गेला. पण साहेबांचा विश्वास बसला नाही तर घर उलटंपालटं करू, असं सांगून गेला. खरी काच करीमचाचांकडं होती. त्यांच्या दुकानात मक्केची जी तसबीर लागलीय ना, तिच्या मागं. काच के पिच्छे काच रखे तो कोन देखता, असं म्हणाले होते. सापडली असती तर माझ्याआधी त्यांना धरलं असतं.

पण भीती हे सगळं कारण नव्हतं. खरं सांगते. मला वाटायचं, फोटोत तिचा पोरगा जिवंत आहे, असू दे. आईला लेकराचे डोळे हवे असतात. आयुष्यभर मी तेच देत आलेय.

तू गेल्याचं तिला बाजारात कळलं होतं. आज ती आली तशी दारात उभी राहिली नाही. उंबऱ्याच्या आत येऊन डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि त्या पाटीजवळच बसली. म्हणाली, "ठाण्यातली झाडूवाली म्हणती, एक जण मेला होता. तुमचा फोटो म्हणतो, जित्ता हाय. मी कुणाचं ऐकू बाई? रोज दोघांच्या भाकरी थापायले. त्याची दुसऱ्या दिवशी म्हशीला घालायले. मला एवढं सांग, थापू का नको?"

अण्णा, तुझं माझं डोळे उघडण्यावरचं भांडण तिनं एका पाटीजवळ बसून मिटवलं.

मी दार लावून घेतलं. मागच्या अंगणातून चाचांना हाक मारली. त्यांनी काच आणून दिली आणि म्हणाले, मी पुढं फळीवर बसून खिळे ठोकत राहतो. हातोडी थांबली की समज, कोणी आलंय. मी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला. तू सांगेन म्हणाला होतास, सांगितलं नाहीस, मग माझं मीच ठरवलं. आधी डोळे पुसले. ज्या हातानं उघडले त्याच हातानं मिटले. मग ओठ. सूज परत आली. भस्म शेवटी पुसलं. त्या तीन रेघांवर कापूस फिरवताना माझा हात खरंच कापला, तू म्हणाला होतास तसा.

उन्हात छापायचा थोडा कागद शिल्लक होता. चौकटीत काच आणि कागद घालून मी अंगणात पाटावर ठेवली. एरवी भर उन्हात पाव तासाचं काम, पण श्रावणातलं ऊन कसलं ते. जरा पडलं की ढग. ती चौकटीशेजारी बसली, मी तिच्याशेजारी. चौकटीचं मागचं फळकुट उघडून मी मधूनमधून बघत होते. आधी घोंगडी उमटली. मग भिंतीची कड. ऊन गेलं. बाहेर खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. पुन्हा ऊन आलं, केस उमटले, कान उमटला. आणि हातोडी थांबली.

मी तिचा हात धरला. तिला कळलं. चौकटीवर परात उपडी घालावी असं मनात आलं, पण परात उचलली तर आवाज होणार आणि मिळालेलं ऊनही वाया जाणार. मी तशीच बसून राहिले. पुढून बोलणं ऐकू येत होतं, चाचांचा आवाज आणि दुसऱ्या एका पुरुषाचा. दुसरा काय बोलतोय ते कळत नव्हतं. पाटीतल्या भाकरीच्या फडक्यावर माशा बसत होत्या आणि त्या हाकलायचंही आम्हा दोघींना धाडस होत नव्हतं. केवढा वेळ गेला कोण जाणे. मग खिळा ठोकल्याचा एक आवाज आला. मग दुसरा. नंतर कळलं, कुणीतरी गणपतीची तसबीर बसवायला आला होता.

तोवर चेहरा पुरा उमटला होता.

कागद धुतला, औषधातून काढला, ओलाच तिच्यासमोर पाटावर ठेवला. मला वाटलं, ही आता हंबरडा फोडणार आणि सगळा बाजार गोळा होणार. ती बघत राहिली. सुजलेल्या ओठाकडं बघितलं. कोऱ्या कपाळाकडं बघितलं, आणि मान हलवली, हो, हाच. मग डोळ्यांशी थांबली.

"झाडूवाली म्हणली, डोळे उघडे होते," ती म्हणाली. "सकाळपासून तसाच बसवला होता, कुणी मिटले न्हाईत म्हणली. तिला जवळ जाऊ देईनात. मग हे मिटले कुणी?"

मी एकदम त्या ठाण्यात जाऊन पडले होते. झाडूवालीनं बघितलं तेव्हा डोळे उघडे, आणि काचेवर मिटलेले. मधे कोण आलं? तू आलास. चौकटीतला खडासुद्धा न हलवणारा तू. माणूस जसा आहे तसाच, हात लावायचा नाही, असं मला उठता बसता ऐकवणारा तू. उघडे डोळे तसेच ठेवून फोटो घेतला असता तर त्या बाहुल्यांत ब्रशाचा एक ठिपका टाकला की काम झालं असतं. खोटं कुठं जोडलंय ते आईलासुद्धा दिसलं नसतं. अमीनसाबाला तू काय पटवलंस? मेलेले डोळे काचेवर मेलेलेच दिसतात, मिटू द्या, माझी बहीण जिवंत काढून देते, असंच काहीतरी सांगितलं असशील. तेही झाला म्हणतोस त्याच आवाजात. आणि मग त्याच्यासमोर वाकून त्या पोराच्या पापण्यांवर बोटं ठेवली असशील. इतक्या उशिरा पापण्या लगेच राहत नाहीत, मला माहीत आहे. बराच वेळ धरून बसावं लागतं.

म्हणून तू ती काच पुसू देत नव्हतास. पेन्सिलीच्या खाली खरं होतं, वेळ येईपर्यंत ते झाकून राहायला हवं होतं. आणि भस्म तुला दिसलं होतं, दिसूनच तू ते राहू दिलंस. आता मी विचारणार नाही.

"माझ्या भावानं मिटले," मी म्हणलं.

ती पुन्हा फोटोकडं वळली. मग म्हणाली, "माझं काम केलं बाबानं." आणि माझ्याकडं बघून विचारलं, "बाबाचे कुणी मिटले?"

"मी," मी म्हणलं.

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. खरबरीत, गरम हात. तेवढ्यानं मला भडभडून आलं, अकरा दिवसांत पहिल्यांदा. पण तिच्या आधी मी कशी रडू, म्हणून उठले. फोटो वाळवला, कोऱ्या फडक्यात गुंडाळला, पाटीत भाकरीच्या खाली ठेवला, वर भाकरी रचल्या. काच चाचांकडं परत गेली, तसबिरीच्या मागं. राज्य बदललं की ती बाहेर निघेल आणि ती कुणापुढं ठेवायची ते मी बघेन. शिपाई परवा येणार आहे. येऊ दे.

पाटी तिच्या डोक्यावर द्यायला उचलली आणि काम संपल्यावर म्हणायची सवय, म्हणून तोंडातून निघून गेलं, "झाला."

आणि अण्णा, तिचा चेहरा सुटला.

तू ज्यासाठी उन्हातान्हात सायकल हाकत फिरायचास, तोच. खांदे उतरले, ओठ वाकडा झाला, आणि जे इतके महिने आवरून धरलं होतं ते सगळं एकदम तोंडावर आलं. माझ्यापासून दोन हातांवर. कॅमेरा तिथंच उभा होता, त्या दिवशी तुझ्यासाठी भरलेली काच अजून त्यात तशीच. बल्ब माझ्या हाताशी लोंबत होता. तू दाबला असतास. त्यावरून आपलं भांडण राहिलंच, ते राहू दे.

मी पाटी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले. आम्ही दोघी आवाज न करता रडलो. बाहेर चाचांची हातोडी चालू होती.